देवीचं सोंग कोणाकडे जावं, याबाबत

मी, राही कोंडू वेखंडे, वय चोपन्न, लग्न न केलेली व त्याचे दुःख नसलेली, धंदा नोकरी, राहणार भातसानगर वसाहत, मूळ गाव डोळखांबच्या पुढचे, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टंकलिखित करून ठेवते. उद्या सोमवारी ठाण्याला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. डॉक्टर असे म्हणाले की मला काळजी वाटते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि आजवर कोणाचा चाललाही नाही.

१. मी कचेरीत टंकलेखक, आणि कचेरी सुटली की मुखवटे करणारी, पाट्या रंगवणारी, पेटी वाजवणारी व नाटके लिहिणारी. एक साहेब नेहमी विचारायचे, "वेखंडेबाई, तुम्ही नक्की आहात तरी काय?" मी म्हणायचे, "साहेब, पगार टंकलेखकाचा आहे, बाकीचं तुम्ही ठरवा." नोकरीला मी नावे ठेवणार नाही. तिने पोटाला दिले आणि कागद दिला. वाया गेलेले कागद मी रीतसर विचारून घरी न्यायचे, भिजवायचे, मेथीची पूड घालून कुटायचे आणि त्या लगद्याचे मुखवटे करायचे. गावच्या रावणाची दहाही तोंडे नामंजूर झालेल्या रजेच्या अर्जांची आहेत. म्हणून तो एवढा चिडका दिसतो.

२. कचेरीत संगणक आले तेव्हा लिलावात घेतलेले टंकलेखन यंत्र माझी सहकारी नम्रता फर्डे हिला द्यावे. 'र' जोरात मारावा लागतो. ती सगळेच हळू करते, तिला जरा सवय होईल.

३. पेटी, कुंचले आणि फंडाचे पैसे माझी भाची हर्षाली पंढरी वेखंडे हिला द्यावेत. नाटकांच्या वह्याही तिलाच. त्यातल्या एका नाटकाचा प्रयोग वसाहतीच्या गॅदरिंगमध्ये झाला होता. नायिका साहेबांच्या मिसेस झाल्या. लेखिकेला पडदा ओढायला उभे केले. मिसेसना संवाद आठवेनात, म्हणून मी आतून सांगत होते, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, जरा सावकाश सांगा." प्रेक्षकांना तेवढेच वाक्य आवडले. ही वही कोणीही मागितली तरी देऊ नये.

४. म्हसाच्या जत्रेत फोटोवाल्याला मी मागचा पडदा रंगवून दिला होता. त्याने ताजमहाल सांगितला. मी काढला, पण मागे आपला माहुली काढला. फोटोवाला म्हणाला, आग्र्याला डोंगर नसतो. त्याने मजुरीत हात आखडला आणि पडदा मात्र पुढची कितीतरी वर्षे वापरला. मुरबाड तालुक्यातल्या अर्ध्या नवरा-नवरींच्या भिंतीवर आज माझा माहुली आहे. त्या फोटोवाल्याला माझ्या तेराव्याला बोलवू नये.

५. गावच्या घरातील माझा अर्धा हिस्साही हर्षालीला. माझा धाकटा भाऊ पंढरी याला मी काहीही ठेवत नाही. कारण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष करू नये असे म्हणतात, आणि मला साक्षीला पंढरीच पाहिजे. वकील म्हणाले, साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. इथे आहे. पुढचे कलम त्याने चष्मा लावून वाचावे.

६. आता मुद्द्याचे. वकिलांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते: बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवायचा आमचा उत्सव. कुठले सोंग कोणत्या घराने नाचवायचे ते ठरलेले असते. शेवटच्या सकाळी देवी आणि महिषासुराची लढाई होते, आणि देवीचा मान आमच्या घराचा. बाबांनंतर तो पंढरीकडे आला. मुखवटा मी करायचा, पावले मी शिकवायची, लुगडे मी नेसवायचे, आणि नाचायचे मात्र त्याने. कारण देवी व्हायला बाई चालत नाही.

एक्क्याण्णव साली आदल्या दिवशी पंढरीने फणस खाल्ला. किती खाल्ला ते विचारू नये. सकाळी संबळ वाजायला लागली तेव्हा तो टमरेल घेऊन तिसऱ्यांदा करवंदीच्या जाळीकडे धावत होता. अशा माणसाला नऊवारी कशी नेसवायची? मी आईला म्हटले, "सांगून टाकू, औंदा देवी नाय." आमची आई सकुबाई. तिने मुखवटा उचलला आणि माझ्याच तोंडावर बांधला. मी म्हटले, "आये, कोप झाला तर?" ती म्हणाली, "देवीला दिसत नाय का आत कोन हाय त्ये? तिला नको आसंल तर ती पाडंल तुला. जा गो."

तिने पाडले नाही. मी नाचले. आयुष्यात बाकी जे काही केले ते कोणाच्या तरी मागे उभे राहून. त्या सकाळी सगळा गाव समोर होता आणि मी मधोमध होते. महिषासुर पुढे यायचा सोडून दोनदा मागे सरकला. मुखवट्याच्या आत मी रडत होते, आनंदाने, आणि मेथीचा वास येत होता.

मग काय झाले? गाव पंढरीच्या पाया पडला. "पंढरी, औंदा देवी खरीच उतरली रे." टोपी पंढरीला, उपरणे पंढरीला. ते नाचणे बघून एका पाहुण्याने आपली मुलगी ठकी त्याला दिली. म्हणजे त्याचा संसार माझ्या पायांवर उभा आहे आणि हर्षालीचा जन्मही. त्या साली भात एवढे झाले की कणग्या पुरल्या नाहीत. त्याचेही श्रेय पंढरीने घेतले. मी गप्प बसले, कारण आईने शपथ घातली होती. आई आता नाही, आणि शपथ तिच्या हयातीपुरतीच होती, असे मी ठरवले आहे.

हर्षाली पंधरा वर्षांची आहे. सगळी पावले मी तिला शिकवली आहेत, आणि ती माझ्याहून चांगली नाचते. हे लिहिताना मला जड जात नाही, म्हणजे बघा. तिने बापाला विचारले, "बाबा, औंदा मी घेऊ सोंग?" पंढरी काय म्हणाला? "बाईनं घेतलं तर कोप व्हतो." हे कोण बोलतो? ज्याला चांगले माहीत आहे की झाला नाही. आणि तो सोंग देतोय चुलत्याच्या ओमकारला, जो नाचायला लागला की भात झोडल्यासारखे वाटते.

म्हणून लिहून ठेवते. देवीचा मुखवटा हर्षालीचा. येत्या अक्षय तृतीयेच्या बोहाड्यात तिनेच तो बांधून नाचावे. मी तेव्हा खाटेवर असेन किंवा नसेनही. मान घराचा आहे, आणि घराचा कर्ता पंढरी आहे. त्याने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय गाव ऐकणार नाही, हे मला कळते. मला त्याच्याकडून दुसरे काही नको.

७. पंढरीने साक्ष केली नाही, तर नम्रताने कलम सहा बोहाड्याच्या दिवशी लाऊडस्पीकरवरून वाचावे. फणसासकट.

येथे माझे म्हणणे संपले. वरील मजकूर माझा आहे, समजून उमजून लिहिला आहे, आणि खाडाखोड एकही नाही, कारण मी टंकलेखक आहे.

ठिकाण: भातसानगर, ता. शहापूर
दिनांक: २० एप्रिल २००८
सही: राही कोंडू वेखंडे

साक्षीदार १: नम्रता फर्डे. माझ्यासमोर सही झाली. लाऊडस्पीकरचे काम मला जमणार नाही, पण बाईंचा शब्द मोडणार नाही.

साक्षीदार २: पंढरी कोंडू वेखंडे. चष्मा लावून वाचलं. खरं हाय. बाय, मी तवा जाळीतून समदं बघितलं. तू देवी झालीस तवा मी तिथंच हात जोडलं. दर साली तुझ्यावानी कराया बघतो, पन नाय जमत. लाज वाटती म्हनून बोललो नाय. हर्षालीला सोंग दिलं, आजच गावात सांगतो. पन मुखवटा तिला तुझ्याच हातनं बांधायचा हाय, तर उद्याच्याला मरू नको.