वारा आत, धूळ बाहेर

झिंदेर

प्रिय उसैनी,

तू राजधानीत, नियामेला निघालास तेव्हा म्हणाला होतास, "तासल्ला, हरमाटन वाऱ्याच्या धुळीत डोळ्याची शस्त्रक्रिया करणं गुन्हा आहे. चल माझ्याबरोबर." धुळीचं तुझं खरं होतं. दारं-खिडक्या कितीही लावल्या तरी हत्यारांवर पिवळट साय धरायचीच. पण इथली माणसं बाजरीची मळणी उरकून येतात ती याच वाऱ्याच्या दिवसांत. त्यांना "पावसाळ्यात या" म्हणणं म्हणजे "आंधळेच राहा" म्हणणं. तेव्हा शेत सोडून कोण येणार?

तू गेल्यावर माझ्या लक्षात आलं, घोटाळा आपल्या शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या पंख्याचा होता. तो खोलीतली हवा बाहेर ओढायचा आणि फटीफटीतून धूळ आत घुसायची. गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या माहामानकडून मी छतावर पेटी बसवून घेतली. हवा जाड गाळण्यांतून गाळून जोरानं आत लोटायची, म्हणजे फटींतून ती सतत बाहेरच पडत राहील. तो कुरकुरला, "डॉक्टरीणबाई, फटी बुजवायच्या सोडून आत वारा भरताय? बाजार हसेल मला." म्हटलं, "हसू दे. तू पेटी बसव."

रुग्णालयाचे संचालकसाहेब हसले नाहीत, चिडले. "वारा पडेपर्यंत खोलीला कुलूप!" मी त्यांना बंद दाराशी नेलं आणि फटीजवळ धुपाटणं धरलं. धूर आत न शिरता थेट त्यांच्याच तोंडावर आला. खोकत म्हणाले, "काही बिघडलं तर मी ओळख दाखवणार नाही." "नका दाखवू," मी म्हटलं, "कुलूप तेवढं परत न्या." त्यानंतर भरदुपारी सूर्य दिसेनासा झाला तरी आम्ही थांबलो नाही. एकाही डोळ्यात पू झाला नाही, उसैनी. एकाही.

हे आजच लिहितेय, कारण काल तुझी आई आली. तू तिला "तासल्लाकडे जाऊ नकोस" असं बजावलंयस, तेही तिनंच सांगितलं. म्हणाली, "मुलगा माझा, तसे डोळेही माझेच. कर तू." बाहेर वारा घोंघावत होता. मी एका डोळ्याची शस्त्रक्रिया केली. आज सकाळी पट्टी काढल्यावर माझ्याकडे टक लावून म्हणाली, "अगं, किती वाळलीस! माझी सून झाली असतीस तर असं होऊ दिलं असतं का?" मग दूध-बाजरीचा फुरा प्यायली आणि मला लिहायला बसवलं. ती नियामेला येणार नाही. दुसरा डोळाही इथेच, वारा पडायच्या आत करायचाय. तुझी परवानगी मागत नाही. फक्त कळवतेय.

कधीकाळी तुझी, आता माझी मीच,
तासल्ला