तुझ्या खळ्यावर आमचा तंबू

प्रिय मावशी,

खळं सारवून वाळलं की तू मला त्यावरून अनवाणी चालायला लावायचीस, आठवतं? मी सहा-सात वर्षांची असेन. तू कडेला उकिडवी बसून शेणाचे हात पेंढ्याला पुसायचीस आणि म्हणायचीस, "सावकाश चाल गो बाय! टोचते काय कुठं?" माझी पावलं कोवळी, बारीकसा खडाही लागायचा. लागला की मी उगाच मोठ्याने विव्हळायचे. तू तो नखाने उकरून काढायचीस आणि ओरडायचीस, "आमचे राणीचे पायाला लागला! फाशी द्या त्याला!" मग आपण दोघी मिळून त्याला कुंपणाबाहेर भिरकावून द्यायचो.

हे पत्र आज लिहितेय, कारण काल तुझ्या घराची किल्ली माझ्या हाती आली. तू गेलीस हे मला ठाण्यात चार दिवसांनी कळलं. धावत गावी पोहोचले तेव्हा तुझ्यावरची माती सुकायला लागली होती. शेजारच्या मारीने किल्ली दिली. म्हणाली, "म्हातारी पाद्रीबाबाचे समोर बोलून गेली. घर, शेत, भांडी, सगलं माझे लेकीचं. तूच ना गो ती?"

मी मान हलवली. पण 'हो' हा एवढासा शब्द तोंडातून निघाला नाही.

का निघाला नाही ते तुला ठाऊक आहे. तुझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तू कोणाला सांगितलंच नाहीस ना! पंचवीस वर्षं!

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. आठव्या वर्षी वांद्र्याच्या सिस्टरांकडे सोडून आलीस. दर वर्षी नाताळानंतर कॉन्व्हेंटच्या फाटकाशी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन उभी राहायचीस. पहिली दोन-तीन वर्षं मी धावत यायचे. पुढे चालत यायला लागले. लग्नाची चिठ्ठी तर मी तुला इतक्या उशिरा पाठवली, की तुला येताच येऊ नये. होय, मुद्दाम. हेसुद्धा आज सांगून टाकते.

लग्नानंतर ह्यांची नोकरी कलेक्टरसाहेबांच्या कचेरीत. पावसाळा सरला की सहा महिने दौरा. कल्याणपासून थेट घोडबंदरच्या रस्त्यापर्यंत आमचं बिऱ्हाड चालायचं. मावशी, ते दिवस मला फार आवडायचे, हे तुला कधी सांगताच आलं नाही! ह्यांनी एका छकड्यावर पक्कं छप्पर बसवून घेतलं होतं. आत फळीचा पलंग, कंदिलाला आकडा, भांड्यांना खाचा. वाटेत जॉन झोपला की मी त्याच्या उशाशी बसून भरतकाम करायचे. मुक्काम आला की फरास तंबू ठोकायचे, मी चूल मांडायचे. सकाळी तंबूचं दार उचललं की रोज नवं गाव! कधी खाडी, कधी आंब्याची राई. चाकांवरचं घर मिळालं तर भिंतींचं कोणाला हवंय, असं मी ह्यांना म्हणायचे.

आणि मग एका वर्षी ते नवं गाव तुझं निघालं.

साहेबांचे मोठे तंबू चिंचांखाली लागले. आम्हा कारकुनांच्या वाट्याला ओढ्याकाठची ओलसर जागा आली. जॉनला आधीच खोकला. हेडक्लार्कची बायको, मिसेस परेरा, नाकाला रुमाल लावून म्हणाली, "इथे तर बेडूकही राहणार नाही!" मी म्हटलं, "त्या वाडीमागे एक जागा आहे. सपाट, कोरडी. एक खडा सापडायचा नाही."

गणू शिपाई घुटमळला. "बाईसाहेब, ते खळं हाय. भाताचे भारे येऊन पडलेत. मळणी व्हायचीय अजून."

"मग भारे बाजूला ठेवायला सांग. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

खळं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं का? कॉन्व्हेंटात भात कपाटात पिकतो असं शिकवलं होतं का मला? वर्षभराचं अन्न त्या चार हातांच्या जमिनीवर येतं, हे मी तुझ्याच मांडीवर शिकले होते. पण मला तेव्हा एवढंच वाटत होतं, की जागा चांगली आहे, आणि ती मला माहीत आहे.

तू भारे उचलताना माझ्याकडे पाहिलंस. डोक्यावरचा भारा तसाच. फ्रॉक, टोपी, बूट, तरी क्षणात ओळखलंस. "बाय..." एवढंच म्हणालीस आणि हसलीस.

शेजारून मिसेस परेरा म्हणाली, "काय हो, तुमच्या ओळखीची दिसते ही?"

मी म्हणाले, "छे. गावातलीच कोणीतरी असेल."

मावशी, तुझं हसू मी मावळताना पाहिलं. मग तू भारा सावरलास, आणि मला म्हणालीस, "बाईसाहेब, जागा तुमचीच हाय. भारे काय, उडवी रचून रावतील बाहेर."

बाईसाहेब! तू मला! एक शिवी हासडली असतीस तर बरं झालं असतं. केस धरून ओढलं असतंस, "कार्टे, तुझी वेणी मी घातलीय" म्हणाली असतीस, तर मी रडत तुझ्या गळ्यात पडले असते. का नाही ओरडलीस ग? माझी लाज राखायला तुला कोणी सांगितलं होतं?

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "तुझी मावशी याच गावची ना? भेटून येऊ या."

"ती पलीकडच्या पाड्यावर गेलीय. लेकीकडे," मी म्हटलं. तुला लेक कुठली आली होती!

प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या त्या शिष्याला भानावर आणायला निदान कोंबडा तरी आरवला. तुझे कोंबडे तर आमच्या मुदपाकखान्याने पहिल्याच दिवशी नेले होते.

पाचव्या दिवशी दुपारी अवकाळी आभाळ आलं. त्या दिवसांत पाऊस कोणाच्या मनीही नव्हता. आमचा तंबू दुहेरी कापडाचा, थेंब आत आला नाही. जॉन पत्र्याच्या घोड्याशी खेळत होता. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तू आणि मारी रचलेल्या भाऱ्यांच्या उडवीवर पेंढा टाकत होतात, वाऱ्याने तो उडत होता, तुम्ही परत टाकत होतात. पुढे घोंगडी टाकलीस. मग स्वतःच्या अंगावरचं कांबळंही टाकलंस.

मी बाहेर आले नाही. गणूला चार गोणपाटं घेऊन जा म्हणायला हवं होतं. तोंड उघडायला एवढं का जड झालं? कारण गोणपाटं दिली असती तर मिसेस परेराने विचारलं असतं, एवढा पुळका कशाला.

तीन दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी तंबू उठला. छकड्यात बसताना मी पाहिलं, तू भारे सोडून बांधावर पसरत होतीस. त्यांतून वाफ निघत होती. लोंब्यांना मोड आले होते, हिरवे, टोकदार. तू वर पाहिलं नाहीस. त्याबद्दल मी तेव्हा देवाचे आभार मानले. बघ, किती नीच मी!

पुढे दोनदा तुझ्याकडे आले. एकटीच. अर्धा तास बसले. तू ते कधी काढलं नाहीस, मीही नाही. मला वाटायचं, विसरली असशील.

काल मारीने किल्ली देताना सहज सांगितलं, "एक वरीस साहेबांचे लोकांनी तिचं खळं घेतलं. सगलं भात कुजलं. बियाणंबी नाय रायलं. आमचेच घरी जेवली सा महिने. आम्ही त्या तंबूवाल्या बायला शिव्या घालू, तं हीच आमचेवर धावून यायची. म्हणायची, 'गप ऱ्हावा! बाय चांगली होती. तिचे पोराला खोकला होता.'"

मी तुझ्या ओट्यावर पाठ फिरवून बसले. मारीला वाटलं, तुझ्या आठवणीने.

रात्रभर मनात येत होतं, यातलं काही घ्यायचं नाही. काय तोंडाने घेऊ? किल्ली पाद्रीबाबांकडे द्यावी, घर-शेत गरिबांना वाटून टाकावं. फार मोठेपणाचं वाटत होतं ते मला. सकाळी लक्षात आलं, तू 'माझी लेक' म्हणालीस आणि मी पुन्हा 'छे, गावातलीच कोणीतरी' म्हणायला निघालेय! नाही मावशी. आता नाही.

पाद्रीबाबांच्या देवळात तुझ्या महिन्याच्या मिस्साला, तुझ्यासाठीच्या प्रार्थनेला, मी येईन. ह्यांना आणि जॉनला घेऊन येईन, आणि वाटेतच त्यांना सगळं सांगेन. मिस्सा झाल्यावर ओट्यावर बायका जमतील, तेव्हा मारीला सांगेन, ती तंबूवाली बाय मीच. तिने शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. तिला गप करायला आता तू नाहीस.

शेत माझ्या नावावर होईल, पण कसतील मारीचे मुलगे, आणि पीक त्यांच्याच घरी जाईल. दोन्ही शेळ्या मारीला. तांब्याचा हंडा तिच्या धाकट्या सुनेला, तिच्याकडे मडकंच आहे. घंगाळ आणि जातं तिच्या थोरलीला. तुझी जपमाळ पाद्रीबाबांनी तुझ्या हातात ठेवली, ती तुझीच. खाट जॉनला, त्याने तिच्यावर झोपावं अशी माझी इच्छा आहे. आणि पेटीतलं तांबडं लुगडं मला. ते नेसता मला येत नाही. मारीकडून शिकेन, आणि तेच नेसून देवळात तुझ्या जागी, बायकांमध्ये खाली चटईवर बसेन.

तुझी लेक,
रोजा