कोरडा पंचा

४ ऑगस्ट, रविवार
मार्थाबाईंना रिक्षातून चर्चमध्ये नेऊन आणलं. तळमजल्यावरच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढउतार जमत नाही. माझ्या बायकोच्या, विमलच्या, शेवटच्या आजारात रोज वर येऊन तिची कूस बदलून देत. नर्स होत्या, पण शेजारीण म्हणून केलं. त्यांना नाही कसं म्हणणार.
मी मागच्या बाकावर. मनात म्हटलं, तासभर डुलकी काढू. तर पेटीवर गाणं सुरू झालं आणि झोपच उडाली. दिंडी. चक्क दिंडी वृत्त. नऊ मात्रांवर तोच थांबा, पुढं त्याच दहा. पाचवीत भिडे मास्तर टेबलावर पट्टी आपटत हीच चाल म्हणून घ्यायचे. शब्द निराळे, चाल आमच्या वर्गातली. डोळे मिटले तर खिडकीतली चिंचसुद्धा दिसली.
संध्याकाळी गुणगुणत होतो. वि. असती तर म्हणाली असती, आमटी उतू चाललीय, दिंडी पुरे.

११ ऑगस्ट, रवि.
पुन्हा गेलो. बाईंना नेण्याचं निमित्त. खरं म्हणजे गाण्यांसाठी. आज एक साकी, तीही शाळेतल्या कवितांचीच चाल.
आणि एक फजिती. सगळे उठून पुढं जाऊन गुडघे टेकू लागले, मीही गेलो. पाळक प्याला घेऊन आले. हात आपोआप पुढं झाला, गोकर्णासारखा केलेला, तीर्थ घ्यायला. ते क्षणभर थांबले, मग अलगद चार थेंब तळहातावर ओतले. मी प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. सत्तर वर्षांची सवय.
बाहेर आल्यावर पाळक हळूच म्हणाले, "आजोबा, हे प्रभुभोजन. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं. पण तुम्ही हात असा केलात की मला पुढं जाववेना."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात मार्थाबाई हसून हसून बेजार. "निफाडच्या द्राक्षांचा रस आहे हो तो. मुंग्या लागतील केसांना."
केस आहेतच कुठे.

२० ऑगस्ट
दुपारची भीती. आज जास्त.
कोणाला सांगितलेली नाही, इथं लिहितो. लहानपणापासूनची आहे. कुठल्या वारी नखं काढली, कोणाची सावली ओलांडली, कोण कोपेल. वि. गेली तो दिवस पंचकातला निघाला, तेव्हापासून चहाच्या आधी छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं होतं. आता कोणाची पाळी. दत्तूनं यथासांग शांती केली. त्याचं समाधान झालं, माझं नाही.
धाकटा भाऊ, त्याच घरात वाढलेला, जन्म रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात गेला; त्याला ही भीती कधी शिवली नाही. गंगेत, आमच्या गोदावरीत, उतरतो तो हसत. तेव्हा दोष घराचा नाही. मीच भित्रा.

२२ ऑगस्ट
मा.बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या, पोहे घेऊन. माझा चेहरा बघून नाडी धरली. काय होतंय? सांगून टाकलं. सगळं.
त्यांनी ताप बघावा तसा कपाळाला हात लावला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, हे गृहस्थ फार भ्यालेत. यांच्याजवळ बस." बस्स. पोहे गार होतात म्हणाल्या आणि गेल्या.
आम्ही देवाला उठवतो, न्हाऊ घालतो, निजवतो. जवळ बस, असं कधी म्हणालो नव्हतो.

२३ ऑगस्ट
दुपारी खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली. वेडेपणा. कोणी बघितलं तर.
चहा मात्र सुखानं झाला.

१५ सप्टेंबर, रवि.
दुपारची भीती आली होती दोनदा. आली, उभी राहिली, बसायला जागा मिळेना तशी गेली.
पाळकांना विचारलं, तुमच्या येशूला माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं काय पडलंय? म्हणाले, तुमच्यासाठी तो जिवावर उदार झाला, आता तुम्हीच ठरवा काय पडलंय ते. वाद घालायचा होता. घातला नाही. घरी येताना रिक्षात रडू आलं, दुःखाचं नव्हे. शाळा सुटल्यावर दप्तर काखोटीला मारून पळत सुटायचो, तसं काहीतरी आत झालं.

२७ सप्टेंबर
वडिलांची तिथी. पंचवटीत दत्तूकडे. नेहमीसारखे शेजारी शेजारी जेवलो. खीर, वडे, आमसुलाची चटणी. कावळा लगेच शिवला. दत्तू खूश. "बघ अण्णा, बाबा अजून वेळेचे पक्के."
सांगणार होतो. त्याचा आनंद बघून सांगवलं नाही.

१३ ऑक्टोबर, रवि.
पाळकांना म्हटलं, मला बाप्तिस्मा हवा. ते म्हणाले, घाई नाही, घरी बोला आधी. घरी कोण? आम्हाला मूल नाही. दत्तू आणि त्याची सुमन, एवढंच घर.

१६ ऑक्टोबर
बोललो. दत्तूच्या ओट्यावर. सुमन आत होती, भांडी एकदम थांबली.
आधी हसला. "कवितेपायी गणितात नापास झालास, आता कवितेपायी हे." म्हटलं, कविता दारापर्यंत घेऊन गेली. आत मी गेलो. भीती गेली रे दत्तू.
"कसली भीती?"
सांगितली. म्हणाला, "एवढी वर्षं? आणि मी रोज तिथं उभा होतो, मला नाही सांगितलीस."
मग गंगेकडं बघत: "तुझं शेवटचं मी करायचं, असं ठरलंय आपलं. कुठकुठनं लोक येतात, ज्यांची तोंडं पाहिली नाहीत त्यांच्या बापांचे पिंड मी ठेवतो. सख्ख्या भावाचं करू देणार नाहीस मला?"

चहा न घेता उठलो. तोही थांब म्हणाला नाही.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. दत्तू दिवाळीत आला नाही. जन्मात पहिल्यांदा. सुमनचा फोन: "भावोजी, ते नाव काढत नाहीत तुमचं. पण चकल्या तळताना म्हणाले, अण्णाला मऊ लागतात."
मा.बाईंना म्हटलं, राहू दे तो बाप्तिस्मा. मनात आहे ते आहेच की. त्या म्हणाल्या, "राहू दे हवं तर. पण भावासाठी राहू देताय की भावाला भिऊन, ते बघा."
बाई तापच बघतात माणसाचा.

१० नोव्हेंबर, रवि.
बघितलं. भिऊन नाही. भीतीची चव मला ओळखू येते, ही ती नव्हे. ही माया आहे, आणि तिचं काय करायचं ते कळत नाही.
पाळकांना विचारलं, मागं माझं शेवटचं कसं? म्हणाले, "ते तुम्ही दोघं भाऊ बसून ठरवा. मी मध्ये पडणार नाही."
दोघं भाऊ बसतील तेव्हा ना.

१५ डिसेंबर, रवि.
थंडी कडक. तारीख ठरली, ५ जानेवारी. दत्तूला फोन केला. उचलला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, ठेवला.

२८ डिसेंबर
सकाळी बेल. दत्तू. कानाला मफलर. आत आला, ती दुसरी खुर्ची दिसली, तिच्यावरच बसला.
चहा झाला. मग एकदम धंद्यातल्या माणसासारखं विचारू लागला.
"विधी केवढा वेळ?"
"अर्धा तास असेल."
"बुडी का डोक्यावर?"
"डोक्यावर. तीनदा."
"उघड्यावर?"
"आत, देवळात."
"पाणी कोमट असतं?"
"विचारलं नाही."
"विचार. कुठलं पाणी?"
"नळाचं."
पाटबंधारे खात्यात माझी सगळी नोकरी झाली. नळात कुठलं पाणी येतं हे त्यानं मला शिकवावं? पण तोच म्हणाला, कपाकडं बघत. "म्हणजे गंगापूर धरणाचं. म्हणजे गंगेचंच की."
दोघेही हसलो. हसता हसता त्याचे डोळे भरले, त्यानं मफलरनं पुसले, थंडीला शिव्या दिल्या.
"येशील?" म्हटलं.
"मला तिथं काय काम आहे?" जिना उतरताना वळून म्हणाला, "ओट्यावर मी विचारलेलं अजून सांगितलं नाहीस, अण्णा."
"तू ये. मग बसून ठरवू."
"आधी ठरव, मग येतो."
लहानपणी आंब्याच्या वाटणीवर असंच व्हायचं.

४ जानेवारी, शनिवार
बाहेरून आलो तर दाराच्या कडीला पिशवी. आत नवा पंचा, धुऊन इस्त्री केलेला, आणि पुडीत सुंठ-गूळ. कुंडातून कुडकुडत बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्यांना दत्तू देतो तसंच सगळं. वर चिठ्ठीबिठ्ठी नाही. फोन केला. म्हणाला, "पाणी पडलं की लगेच डोकं पूस. आमेन नंतर म्हण. म्हाताऱ्यांना डोक्यातनं थंडी बाधते."
"आणि तुझं यायचं?"
"उद्या गर्दी आहे कुंडावर."

५ जानेवारी, रवि. सकाळ
आंघोळ झाली. पांढरा सदरा. रात्री छान झोप लागली, भिडे मास्तर स्वप्नात, पट्टी हातात, पण ठेका धरायलाच.
मा.बाई खालून हाका मारतायत, रिक्षा आलीय. निघताना एवढंच लिहितो.
गॅलरीतून पाहिलं. रिक्षाच्या मागं दत्तूची स्कूटर. तो तिच्यावरच बसलेला, हेल्मेट काढलेलं नाही. मा.बाई त्याला काही विचारतायत, तो मान हलवतोय, हो का नाही ते इथून कळत नाही. इंजिन चालू आहे.
वर बघत नाही. जातही नाही.
पंचा घेतला.