बेशरमाच्या गाठी

निरगुडसर, ता. आंबेगाव
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन कपाटात कोंडलास आणि रिटायर झालेल्या भावाला पुन्हा शुद्धलेखन सांभाळायला लावलंस. दाजी गेल्याची बातमी त्या फोनवर आली, म्हणून तो तुला नकोसा झाला, हे मला समजतं.

इकडे सगळे बरे. तुझी भावजय लंकाबाई माझ्या गुडघ्याला रोज निरगुडीचा पाला बांधते. शेळ्या माझ्याकडे आशेनं बघायला लागल्यात.

परवा मंचरला तुझा आदेश भेटला. म्हणाला, आई चाकणला यायला तयार आहे, महिनाअखेरीस येडगावचं घर बंद करून घेऊन जातो. मला बरं वाटायला हवं होतं. पण तो म्हणाला, विचारल्याबरोबर हो म्हणाली. अक्का, तू जन्मात कधी विचारल्याबरोबर हो म्हटलेलं नाहीस. एका पातळासाठी दुकानदाराला घाम फोडणारी बाई तू. मनापासून जात असशील तर मी स्वतः पोचवायला येतो. नुसतीच हो म्हणाली असशील, तर मला काळजी वाटते.

एवढं कर. दरवर्षीसारखी कार्तिकात पाण्याकाठच्या साती आसरांना नैवेद्य ठेवून ये. तो माळ, ते पाणी एकदा बघ आणि मग काय ते ठरव.

लोभात काटकसर नको, उत्तरातही नको.

तुझा,
रामदास

येडगाव, ता. जुन्नर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रामदास यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मी बरी आहे. कांद्याची लागण झाली. गाय आटली.

आदेशला हो म्हटलं, कारण नाही म्हटलं की तो का म्हणून विचारतो. हो म्हटलं की उठून जातो. चाकण काय नि येडगाव काय, मला दोन्ही सारखंच. जेवते. मीठ कमी पडलं की जास्त, ते कळत नाही. दहाव्याला बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, ही आता रडेल, मग रडेल. मला रडूच आलं नाही. अजूनही येत नाही.

तू लिहिलंस म्हणून काल निघाले होते. आपल्याकडं बिबट्यापायी माळावरून मोठ्यानं बोलत जावं लागतं. हे पुढं, मी मागं, आणि बोलायचं काम माझं. वर्षभराची भांडणं मी त्या वाटेवर उरकून घ्यायचे. काल तोंड उघडलं तर एक शब्द सुचेना. बांधावरूनच मागं फिरले.

शिवाय पाण्याकडची वाट सगळी दलदलीची. पाय कुठं टिकतो ते हे बघायचे आणि तिथं बेशरमाच्या झुडपाच्या दोन फांद्यांची गाठ मारून खूण करायचे. येताना त्या गाठी सोडत यायच्या. आसरांची वाट उघडी ठेवू नये म्हणतात. आता खुणा कोण करणार?

लंकाबाईला आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, लिहिताना दिसत नसेल.

तुझी अक्का

निरगुडसर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बोलायला सुचत नसेल तर पाढे म्हण. बिबट्याला चुकलेलं कुठे कळतंय? काठी घे आणि दर पावलाला टेकवून बघ. माझा गुडघा वाकत असता तर मीच पुढे चाललो असतो. बाईनं एकटीनं आसरांना जाऊ नये असं कोणी म्हणालं, तर त्याला माझा पत्ता दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला भीती वाटली. इतकं सरळ तू कधी लिहीत नाहीस. या खेपेला थोडी शिवी घालून उत्तर दे, म्हणजे लोभ पोचला असं समजेन.

तुझा,
रामदास

येडगाव
१ डिसेंबर २०२४

चि. रामदास यास,
अ. उ. आ.

मास्तरा, तुझे पाढे सतराला संपले.

परवा सकाळी गेले. माळावरचं गवत वाळून पिवळं झालंय. लुगडं कुसळांनी भरलं. पाण्यात ती तांबडी बदकं उतरली होती, दरवर्षी हे मला थांबवून दाखवायचे. थांबले, बघितली. काही वाटलं नाही.

चिखल लागला तशी काठी टेकवत निघाले, तर समोर बेशरमाची गाठ. फांद्या जाड होऊन एकमेकींत रुतलेल्या, वर जांभळी फुलं. पुढं आणखी एक. पार आसरांपर्यंत गाठी होत्या. त्या धरून मी नीट पोचले, दहीभात ठेवला.

मागच्या वर्षी गाईची धार काढायची म्हणून मी येताना पुढं निघून आले होते. हे मागनं गाठी सोडत येणार होते. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "समद्या सोडल्या." एकही सोडलेली नव्हती. आणि रामदास, माळाकडच्या गाठी गुडघ्याशी आहेत, नेहमीसारख्या. आसरांजवळच्या छातीशी. त्यांना वाकवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले एकाएकी झालं. जिवाला काही होतंय, हे वर्षभर आधीच त्यांना कळलेलं होतं, आणि मला सांगितलं नाही.

मी एक गाठ सोडायला गेले. सुटेना. हाताला सगळा चीक लागला. मग मला असा राग आला की दलदलीत उभी राहून ओरडले, "मला का न्हाई सांगितलं तुमी?" टिटव्या उठल्या. तिथनं घरापर्यंत त्यांना बोलत आले. बिबट्या असलाच तर त्यानं तालुका सोडला असेल. माळावर आल्यावर रडू फुटलं ते बांधापर्यंत थांबलं नाही.

घरी येऊन जेवायला बसले. कालवण इतकं खारट होतं की घास गिळवेना. असलं मी हे गेले त्या श्रावणापासून खातेय.

आज आदेश गाडी घेऊन आला. त्याला सांगितलं, मी येत नाही. त्यानं का म्हणून विचारलं. म्हटलं, आसरांची वाट उघडी राहिलीय. त्यानं कोयत्याला धार लावून दिली आणि जेवून गेला.

कोयता दाराशी ठेवलाय. पण गाठी एवढ्यात तोडायच्या नाहीत. अजून त्यांना बरंच बोलायचं राहिलंय.

गुडघा सांभाळ. शिवी पोचली असेल, तिच्याबरोबर लोभही मोजून घे.

तुझी अक्का