गिरिजाबाईंची तीन वाक्यं

४ मे २००४, वडीगोद्री
आलो एकदाचा! जालन्याहून एसटीत मांडीवर मॉनिटर, पायात सीपीयू. इथं कॉम्प्युटर क्लासवर सर म्हणून लागलोय. खोली एकदम झकास: वरचा मजला, बाहेरून लोखंडी जिना, अकरा पायऱ्या. खाली घरमालक कडूबामामा अन् गिरिजाबाई. मामाचं हायवेला पंक्चरचं दुकान. बाईंनी मॉनिटर बघून विचारलं, एवढा जाड टीव्ही अन् मालिका लागत न्हाई, मंग काय कामाचा? बोलायला लागल्या की थांबतच न्हाईत. पोरगी तारा सासरी जळून मेली, तेही पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं.

१३ मे
मी लिहितोय ती कादंबरी अडकलीय, म्हणून गेम खेळून राह्यलो. सीडी कॉपी केलेली, पण गेम जबरदस्त. आपण वीर. ताकद, अक्कल, नशीब यांचे आकडे वाढवत जायचं. दया नावाचा आकडाच न्हाई. कोणाच्याही घरात घुसा, रांजण फोडा, कोणी काही बोलत न्हाई. गावकऱ्यांना बोलायला तीनच वाक्यं दिलेली. अन् सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे सेव्ह. सेव्ह करायचं, एखाद्याला मारून बघायचं, लोड करायचं. तो परत हसत उभा.

२१ मे
लिहू का नको? सकाळी गेम सेव्ह करून खाली गेल्तो. माझ्या धक्क्यानं दुधाचं पातेलं सांडलं, बाईंनी माझा उद्धार केला. वर येऊन वैतागून गेम लोड केला. खाली गेलो तर पातेलं भरलेलं. बाई म्हणे, "सर, चहा घेता का?"
तीनदा करून बघितलं. बराबर तसंच.

२ जून
सेव्ह केलं. खाली जाऊन बाईंना म्हणलो, तारा माहेरी पळून आल्ती तेव्हा तुम्हीच तिला परत नांदायला धाडली ना? त्यांनी उलथणं खाली ठेवलं. आवाज होऊ न देता. हे असलं मला बसल्या जागी सुचलं नसतं. वर आलो, चार पानं लिहिली, मंग लोड केलं.
त्यांना काय फरक पडतो? त्यांना आठवतच न्हाई.

९ जून
तारावरून टोचायचं अन् लोड करायचं, आतापर्यंत एकोणीस वेळा. दर वेळी नवं काहीतरी मिळतं.
पण बाई हल्ली कमी बोलतात. मामा म्हणत होता, हिला काय झालं कळंना, दवाखान्यात न्यावं लागंल. मी मोजलं. तीनच वाक्यं राह्यलीत. "सर, चहा घेता का?" "लाईट कधी जाती?" "तारा येणारे दिवाळीला."

१४ जून, सकाळी १०.४०
शेवटचं प्रकरण. मरण लिहायचंय. मामा वाटूरला सोयऱ्याकडे गेलाय. सेव्ह केलं. लाईट दहालाच आलीय, आता दुपारभर जात न्हाई. बाईंना वर बोलावलं —

१०.५५
ढकललं. अकराच्या अकरा पायऱ्या.
लोड करायला बसलो अन् लाईट गेली. सोमवार! लोडशेडिंगचा टाइम दर सोमवारी बदलतो, पोरांना मीच फळ्यावर लिहून देतो. नव्या टाइमानं साडेदहाला जायची, ती पंधरा मिनिटं उशिरा गेली. आता दोनलाच.

११.३०
जिवंत आहेत. पाणी मागितलं. दिलं न्हाई. लोड केल्यावर तहान राहणारच न्हाई ना.

१२.१५
आता मागत न्हाईत.

२.०५
लाईट आली. फाईल खराब आहे असं आलं. तरी लोड दाबलं.
खालून आवाज — "सर, चहा घेता का?" जमलं! पळत जिन्यावर —
त्या तिथंच पडलेल्या. मान पाठीकडं. ओठ तेवढे हलतात.

२.४०
उठल्या. हातात कपबशी. जिना चढून राह्यल्यात. चौथ्या पायरीवर लोड दाबलं. परत खाली.

३.२०
परत. दर वेळी एक पायरी जास्त चढल्यावरच लोड लागतंय. सहा. सात. जिना एकच, उतरू कुठून —

३.५०
नऊ.
लाईट चारला जाती. त्या पण तेच विचारतात, पायरी चढता चढता.

लाईट गेली
बाई, चुकलो मी, तारावरून जे बोललो ते —
कपबशी वाजली. दहा.
म्हणतात, तारा येणारे. दिवाळीला न्हाई म्हणतात, आत्ता —
दोन कपबश्या वाजून राह्यल्यात. जळाल्याचा वास —
अक