तिरडीपुढचं पाणी

धारवाड,
होळीच्या आधीचा रविवार

प्रिय वहिनी,

फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता, मीही "बरं आहे" म्हणतो, आणि मग दोघंही फोन ठेवायची वाट बघतो. म्हणून आज लिहायला बसलो आहे. आई देवळात गेली आहे. दुकानात भांड्यावर नाव घालताना हात जरा हलला तरी ते भांडं वाया जातं. कागदावर निदान खोडता येतं, त्या धीरावर लिहितो. खाडाखोड दिसली तर घाईत लिहिलं असं समजू नका.

प्रियाला सांगा की मांजरीनं आपल्या माळ्यावर पिल्लं घातली आहेत आणि त्यातलं एक तिच्यासारखंच दिवसभर ओरडतं. आईचा गुडघा सकाळी दुखतो, संध्याकाळी थांबतो. मी ठीक आहे. झोप तेवढी येत नाही. गल्लीत पोरांनी हलग्या काढल्या आहेत. जाळावर कातडं तापवून दुपारपासून वाजवतात, आणि आवाज आला की आई टीव्ही मोठा करते.

तुमच्या अळणावरकडच्या गावात नुसती होळी पेटते. शंकरानं जाळलेल्या कामदेवाचं, आमच्या कामण्णाचं सोंग तुम्ही लग्न होऊन आल्यावरच पहिल्यांदा बघितलं. रंगपंचमीची सकाळ होती. पोरं पेंढ्याचा कामण्णा तिरडीवर घालून दारोदार फिरत होती, आणि मी आईची जुनी साडी नेसून, त्याची बायको रती होऊन, ऊर बडवत पुढं चाललो होतो. तुम्ही आत स्वयंपाक करत होता. बोंब ऐकून तुम्हाला वाटलं, खरंच कुणीतरी गेलं. तुमच्या गावात दारावरून तिरडी जाताना घरातली बाई उंबऱ्याबाहेर पाणी ओतते, जाणाऱ्याला तहान लागू नये म्हणून. तुम्ही तांब्या घेऊन धावत आलात, डोळे भरलेले, आणि पेंढ्याच्या कामण्णापुढं पाणी ओतलंत. सगळी गल्ली हसली. पदराआड मीसुद्धा हसलो. आई तुम्हाला रागावली, काय हे वेड्यासारखं, म्हणाली. अण्णा तेवढा हसला नाही. त्यानं तुमच्या हातातला तांब्या घेतला आणि तुम्हाला आत नेलं. नंतर मात्र दर होळीला तोच चिडवायचा, "आमच्या हिनं कामण्णाला पाणी पाजलं, म्हणून तर तो दर वर्षी परत येतो." तुम्ही लाटणं उगारायचा.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना पेन अडतं. श्रावणात अण्णा गेला, त्याला उचललं तेव्हा माझ्या तोंडून रडू निघालं. रडू माझंच होतं, वहिनी, पण त्याची चाल कामण्णाची होती. "माझ्या राजा" म्हणून मी तोच सूर लावला, छातीवर हातही तसाच पडला. मला दुसरं रडणं येतच नव्हतं, दहावी सुटल्यापासून दर वर्षी मी तेच रडत आलो. मागं खांदा द्यायला आलेल्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. वाईट मनानं नसेल, त्याच्याही कानाला ती सवय होती. तुम्ही वळून बघितलंत. हसणाऱ्याकडं नाही, माझ्याकडं. मी तोंड मिटलं. बाराव्यानंतर तुम्ही प्रियाला घेऊन माहेरी गेलात. त्या बघण्यात राग होता की दुसरं काही होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि तेव्हापासून मला रडताही आलेलं नाही.

यंदा गल्लीत वेगळंच चाललं आहे. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर मीनाक्षी मॅडम भाड्यानं आल्या आहेत, म्हैसूरकडच्या, बँकेत असतात. त्यांच्या जिन्याचं लाकडी फाटक एका सकाळी गायब झालं आणि होळीच्या ढिगात सापडलं. त्या मागायला गेल्या तर आपल्या मंडळाचा राजू म्हणाला, "मॅडम, होळीत पडलेलं लाकूड परत देत नसतात. चोरलेलंच चालतं होळीला, परंपरा आहे." मॅडम म्हणाल्या, "त्याला माझं कुलूप होतं. कुलूपसुद्धा परंपरेतच गेलं का?" त्यांनी तक्रार दिली. फाटक, टायर जाळणं, डीजे, दारापुढच्या शिव्या, आणि शेवटी तिरडी. ज्या गल्लीत विधवा राहतात तिथं नवरा मेल्याचं सोंग काढणं ही कसली संस्कृती, असं त्यांनी लिहिलं होतं. राजू ते मोबाइलवर सगळ्यांना वाचून दाखवत होता. "आता रडायची पण परवानगी काढायची का रे परशा?" असं मला म्हणाला. मला मॅडमचं म्हणणं बरोबर वाटत होतं आणि रागही येत होता. ते सोंग वाईट असेल तर मग मी इतकी वर्षं काय केलं?

पोलिसांनी दोन्ही बाजूंना देवळाच्या हॉलमध्ये बोलावलं. साहेबांनी आधीच निरोप दिला होता, जी खरी परंपरा असेल तेवढीच होईल, बाकी बंद. म्हणून आदल्या दिवशी मी सटवाजी आप्पांकडं गेलो. माझ्याआधी रती तेच व्हायचे. हल्ली खाटेवरच असतात. मला वाटलं होतं, जुन्या काळी काहीतरी नियम असेल. दुखवट्याचं घर असेल तर सोंग तिथं थांबत नसेल, असं काहीतरी. आप्पा म्हणाले, "असलं काही नव्हतं बाबा. उलट तिथं जास्त थांबायचो. रडणाऱ्या घरात माणसं जास्त जमायची, सोंग रंगायचं." मग म्हणाले, "तुझा आज्जा गेला त्या वर्षी तुझ्या आज्जीच्या दारात थांबलो होतो. तिनं दार उघडलं नाही. आम्ही वाजवत राहिलो." मी विचारलं, "मग ती खरी परंपरा नव्हे का?" आप्पा म्हणाले, "खरीच की. चांगली आहे असं कुठं म्हटलं मी?"

त्या उत्तरानं माझं डोकं फिरलं. जुनं सगळं चांगलं म्हणणारा राजू, जुनं सगळं टाका म्हणणाऱ्या मॅडम, आणि जुनं खरंच कसं होतं ते सांगून पाठ फिरवून झोपणारे आप्पा. मी कुणाकडं उभं राहायचं?

हॉलमध्ये राजूनं पाढाच वाचला. हलगी परंपरा, बोंब परंपरा, टायर पण परंपराच म्हणाला. साहेबांनी विचारलं, "आणि डीजे?" मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, राजूच्या लग्नातला आहे, पुराणातलाच म्हणायचा!" सगळे हसले, मॅडमसुद्धा. मग साहेब म्हणाले, "तिरडीचं काय? रडतं कोण?" पोरांनी मला पुढं ढकललं. तुम्हाला माहीत आहे, मी गिऱ्हाइकाशीसुद्धा दोन वाक्यं बोलत नाही. आणि वहिनी, मी सांगून टाकलं, "साहेब, ज्या घरात वर्षात माणूस गेलं असेल त्या घरापुढं हलगी बंद होते. रडणारा रडत नाही. घरातली बाई बाहेर येऊन तांब्याभर पाणी ओतते, मग तिरडी गुमान पुढं जाते. ही जुनी पद्धत आहे. मधल्या काळात बंद पडली."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, हे कधी होतं? पण कापडदुकानवाले म्हातारे मान हलवत म्हणाले, "होय होय, आमच्या आईनं ओतलेलं मी बघितलंय." दुसरे म्हणाले, "पितळेचाच तांब्या लागतो. स्टीलचा चालत नाही." तिसऱ्यानं त्यात तुळशीचं पान टाकलं. आप्पांना पोरांनी खुर्चीत घालून आणलं होतं. साहेबांनी त्यांना विचारलं. आप्पांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "होतं." बाहेर निघताना खुर्चीतून माझा शर्ट ओढला. "आता होईल बघ," म्हणाले.

साहेबांनी टायर आणि डीजे बंद केले, फाटक परत द्यायला लावलं आणि हलगी-तिरडीला परवानगी दिली, ह्या पद्धतीसकट. मॅडम मला वाटेत गाठून कन्नडात म्हणाल्या, "एवढी चांगली रीत होती तर आधी का सांगितलं नाही? मी उगाच सगळ्यालाच नावं ठेवली." मला मान वर करता आली नाही. नावात एक अक्षर चुकलं तर मी रात्रभर तळमळतो, आणि इथं भर सभेत अख्खी रीत खोटी सांगितली. पण ती पूर्ण खोटी नव्हती, वहिनी. ती एकदा झाली होती. एकाच बाईनं केली होती, आणि अण्णा सोडून आम्ही सगळे हसलो होतो.

काल राजू पितळेचा नवा तांब्या घेऊन दुकानात आला, मंडळाचं नाव घाल म्हणून. मी घातलं, हात हलू दिला नाही. संध्याकाळी तोच तांब्या घेऊन तो घरी आला. यंदा गल्लीत दुखवट्याचं घर एकच, आपलं. त्यानं आईला विचारलं, "मावशी, पाणी ओतायला तुम्ही येणार ना?" मी आतून ऐकत होतो. आई टीव्ही बंद करून म्हणाली, "माझा काय संबंध? पहिल्या वर्षी जिनं ओतलं तिला विचारा." म्हणजे आईला सगळं कळलं आहे. तांब्या ठेवून राजू गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी तिला उगाच बोलले." मग उठून तिनं तो तांब्या चिंचेनं घासून देवापाशी ठेवला.

म्हणून हे पत्र. रंगपंचमीला तुम्ही याल का? नाही आलात तरी मी समजून घेईन. आई दार लावून घेईल आणि तिरडी पुढं जाईल. यंदा आपल्या दारी कुणी वाजवत राहणार नाही, तेवढं मी बघतो. मी साडी नेसणार नाही, पोरांना सांगून टाकलं आहे. आलात तर पाणी ओताल तेव्हा तुमच्या मागं उंबऱ्यात उभा राहीन. त्या दिवशीच्या बघण्याबद्दल काही विचारणार नाही. फक्त तेवढा वेळ, हलगी थांबलेली असताना, मला अण्णासाठी एकदा रडून बघायचं आहे. कुठल्याही चालीवर नाही. कसं निघेल कोण जाणे. कुणी हसलंच तर तुम्ही तांब्या घेऊन जवळ असाल.

तुमचाच, यंदा घरातच उभा राहणारा,
परशराम