भिंतीवरचे चौदा

२ मार्च
क्लबात नवं खूळ. जगभरचे गोल्फ क्लब म्हणे आता एकाच कॉम्प्युटरला जोडलेत. खेळून झालं की स्कोअर मोबाइलवर भरायचा, सोबतच्या माणसाने तो मंजूर करायचा. मग यंत्र सांगणार तुमचा हँडिकॅप किती, म्हणजे तुम्हाला किती फटक्यांची सूट. सूट जितकी कमी, तितका खेळाडू पक्का. मला कोण सांगणार? माझा चौदा आहे! जुन्या सेक्रेटरींनी स्वतः कार्डावर लिहून दिलेला. हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. काय अक्षर त्यांचं! शाळेच्या कवितांच्या वहीतून उतरल्यासारखं. आता अक्षरं संपली, नुसती बटणं उरली.
संकल्प : मोबाइलला हात लावायचा नाही.

४ मार्च
लावला. स्कोअर भरल्याशिवाय वार्षिक कपला नाव घेत नाहीत. कप एप्रिलअखेर, मेमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. पुढे डॉक्टर म्हणतात, बागेत फिरा. फिरा म्हणे! म्हणजे क्लबाच्या दारातल्या लाकडी फळ्यावर विजेता म्हणून नाव लागायची ही शेवटची संधी. निम्मं आयुष्य तो फळा वाचण्यात गेलं. लेकीच्या सासऱ्यांचं नाव त्यावर दोनदा आहे. सोनेरी अक्षरांत. वर व्याही म्हणून हसून नमस्कार करावा लागतो, तो वेगळाच.

१५ मार्च
एकोणतीस!!
यंत्राने मला एकोणतीस दिले. सेक्रेटरीच्या टेबलावर हात आपटला. (मनगट दुखतंय.) पोरगेलासा सेक्रेटरी म्हणाला, "काका, ही काही शिक्षा नाही. कपला एकूण फटक्यांतून हँडिकॅप वजा होतो, उरतील सर्वांत कमी तो जिंकतो. तुम्ही आणि तरणा खेळाडू एका पातळीवर येता." म्हटलं, तू रांगत होतास तेव्हापासून मी उभा राहून खेळतोय, मला पातळी शिकवू नकोस. तर म्हणे, यंत्र वाईट खेळ सोडून देतं आणि चांगलेच धरतं. त्या दिवशी वारा किती होता तेही बघतं. वाऱ्यावर कविता करायच्या सोडून ही माणसं त्याची वजाबाकी करतात!
व्याह्यांचा बाविसाचा पंचवीस झाला. त्यांनी अख्ख्या टेबलाला कॉफी पाजली. म्हणाले, "व्याहीबुवा, म्हातारपणाचा पहिलाच फायदा झाला बघा!" लाज कशी वाटत नाही?
रात्री दोन ओळी सुचल्या :
नको मज दान फटक्यांचे, नको ती यंत्रमायाही,
उभा मी एकटा येथे, न मागे मी कुणालाही.
बायकोला म्हणून दाखवल्या. म्हणाली, छान आहेत, आणि उशीखालून माझा चष्मा काढून दिला. सकाळपासून तिच्याकडेच मागत होतो.

१८ मार्च
संकल्प : कपच्या आत हँडिकॅप पुन्हा चौदावर आणणार. यंत्राने माझी माफी मागितली पाहिजे.
मंजुरीला माणूस मात्र आपला हवा. बायको चालायला म्हणून सभासद आहेच. तिच्या मोबाइलमध्येही ते खूळ टाकून दिलं.

२० मार्च
बायको फार मोजते. तिसऱ्या होलवर भांडण. मी म्हटलं, तो सरावाचा फटका होता. ती म्हणाली, "माती उडाली ना? मग मी धरला." वाळूच्या खड्ड्यात तर मोठमोठ्याने मोजत होती, कवायतीसारखं. मागची मंडळी थांबून ऐकत होती. एकशे दोन.
सगळा दोष बुटांचा.

२१ मार्च
नवे बूट. एकशे पाच. बूट परत.

२९ मार्च
आज शांत डोक्याने विचार केला. मी जो खेळतो तो माझा खरा खेळ नव्हेच. खरा खेळ आत आहे, तो फक्त बाहेर पडत नाही. कवी एखादी ओळ खोडतो, म्हणून ती त्याच्या नावावर मांडतात का? मग खोडलेले फटके माझ्या नावावर का?
सत्त्याऐंशी भरले. बायकोने बराच वेळ मोबाइलकडे पाहिलं. म्हणाली, "खरं आहे हे?" म्हटलं, अंतरंगाने खरं आहे. ती म्हणाली, "दुसऱ्याचं तर काही घेत नाही तुम्ही. स्वतःचंच कमी करताय. होऊ दे तुमच्या मनासारखं." आणि 'मंजूर' दाबलं.

१२ एप्रिल
अंतरंगाने आणखी दोनदा खेळलो. हँडिकॅप सोळा! एवढी झपाट्याने सुधारणा दिसली म्हणून यंत्राने आपण होऊन एक फटका जास्तीचा कापला. शेवटी यंत्रालाही कदर आहे म्हणायची. सेक्रेटरीने दोनदा विचारलं, काका, नक्की? त्याच्या तोंडावर फोन धरला. पोटात दुखलं असणार.
व्याही म्हणाले, "अहो, सोळावर झेपेल का?" म्हटलं, तुम्ही आपले पंचवीस सांभाळा.

२७ एप्रिल, रात्री
कप.
आयुष्यात असा खेळलो नाही. भन्नाट वारा, तरणी पोरं झाडांत चेंडू शोधत होती, आणि माझा चेंडू सरळ. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. शेवटच्या होलवर लांबून चेंडू ढकलला तो थेट भोकात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्त्याण्णव! सगळे खरे. बायको मोजत होती.
सत्त्याण्णवातून सोळा गेले, एक्क्याऐंशी.
व्याह्यांचे शहाण्णव. पंचवीस गेले, एकाहत्तर. कप त्यांना.
हात मिळवताना व्याही हळूच म्हणाले, "एकोणतीस ठेवले असतेत तर अडुसष्ट झाले असते. फळा तुमचाच होता, व्याहीबुवा." चेष्टा करत असते तर परवडलं असतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच जास्त राग आला.
घर आल्यावर बायको म्हणाली, "मी दाबायला नको होतं."

२८ एप्रिल
सेक्रेटरीला फोन. एकोणतीस परत दे. म्हणाला, "काका, खाली यायला वेळ लागत नाही. वर जायला वर्षाला फार तर पाच." असला कसला नियम? म्हणे, कपच्या आधी मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवणारे लबाड असतात, त्यांच्यासाठी. लबाड!! मला!
लेकीचा फोन. कप त्यांच्या टीव्हीशेजारी ठेवलाय. छान दिसतो म्हणे.

३० एप्रिल
ऑपरेशन पुढे ढकलायचं. पाच तर पाच, एकवीस करून घेणार. पुढचा कप आहेच.
संकल्प : मुद्दाम वाईट खेळायचं. यंत्राला कळू न देता.

१ मे
दिवसभर जीव तोडून वाईट खेळलो. मनाला येईल तसा फटका मारला. नेम धरला नाही. वाळूत तर मुद्दाम गेलो.
एकशे तीन.
बायकोने एका सेकंदात मंजूर केलं. म्हणाली, "आज नेहमीसारखं खेळलात."